शेवटची दोन बिस्किटं

रविवारच्या जेवणाचं ताट कुंपणावरून पलीकडे देताना ग्रेव्ही पुन्हा बाहीवर सांडली, तेव्हा बेरिल ऑकेंडननं ठरवलं, की आता हे पुरे झालं.

कुंपणापलीकडे राहायची तिची नणंद मॉड. बेरिलचा नवरा रॉडनी आणि मॉड ही सख्खी भावंडं. एरवी रविवारी तिघं एकाच टेबलावर जेवत. पण येत्या गुरुवारी साऱ्या देशाला मत द्यायचं होतं, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. रॉडनीला बाहेर पडायचं होतं, मॉडला राहायचं होतं, आणि तेवढ्यावरून दोघांनी बोलणं टाकलं होतं. निरोप बेरिलमार्फत जात.

"तिला सांग, आपले कायदे आपण करायचे. ब्रसेल्सनं नाही!"

"त्याला सांग, तुला साधं अंडं उकडता येत नाही, कायदे कसले करतोस!"

"आणि तू गं कुणाच्या बाजूनं?" हे मात्र दोघंही विचारत. बेरिलचं खरंच ठरत नव्हतं. रेडिओवर जो बोलेल त्याचंच तिला पटायचं. तिला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती: ही दोघं पुन्हा एका टेबलावर बसली पाहिजेत.

मंगळवारी गावच्या हॉलमध्ये चर्चा झाली. मासेमारी झाली, ट्रकच्या रांगा झाल्या, पोलंडहून येणारा स्वस्तातला प्लंबर झाला. शेवटी चिटणीस मिस्टर टिंडल म्हणाले, "गावाचा कौल बघू. हात वर करा." एकही हात वर होईना. चारचौघांत आपलं मत उघडं करायचं म्हणजे चारचौघांत पायमोजे काढण्यासारखंच.

चहाच्या टेबलामागून बेरिल म्हणाली, "मी दोन ताटल्या बिस्किटं आणलीत. एक लोण्याची, एक आल्याची, दोन्हींत मोजून सारखी. राहायचंय त्यांनी लोण्याचं घ्या, जायचंय त्यांनी आल्याचं. जी ताटली आधी रिकामी, तो पक्ष जिंकला. चहाबरोबर कोण काय खातंय हे बघायला आपण काही असभ्य नाही."

युक्ती सगळ्यांना एकदम पसंत पडली. ताटल्या भराभर उतरल्या आणि उतरता उतरता थांबल्या. दोन्हींत एकेकच बिस्कीट उरलं होतं. आता शेवटचं बिस्कीट उचलण्याचा असभ्यपणा करणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता.

मिसेस पेंगेलींनी आल्याच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा मोडून घेतला. ते बघून कुणीतरी लोण्याचंही अर्धं केलं. मग अर्ध्याचं पाव झालं. मिस्टर टिंडल घाम पुसू लागले. अखेर टेबलापाशी उरली रॉडनी आणि मॉड. बाकीचे कप हातात धरून छताकडे बघत होते.

रॉडनीनं घसा साफ केला. "घे ना, मॉड."

तीन आठवड्यांतला पहिला शब्द!

"छे छे, तू घे तुझं."

"अगं, घे. संकोच कसला?"

"तूच घे. आल्याचं तुला लहानपणापासून आवडतं."

देश दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून भांडणारी ही दोघं आता एकमेकांना तोच देश आग्रह करकरून वाढत होती. पण आग्रहातूनही भांडणाला तोंड फुटलं.

"मी इतका आग्रह करतोय, ऐक जरा!"

"मोठी मी आहे! आग्रह मी करणार!"

आवाज चढले. जमलेलं सगळं विस्कटणार, हे बेरिलनं ओळखलं. तिनं टेबलाला वळसा घातला, एका हातानं आल्याचा तुकडा उचलला, दुसऱ्यानं लोण्याचा, आणि दोन्ही एकदम तोंडात टाकले.

"बरोबरी," मिस्टर टिंडल कसेबसे म्हणाले.

"बेरिल!" भावंडं एका सुरात ओरडली. "शेवटचं? आणि तेही दोन्ही?"

घरी जाताना दोघं पुढे चालली होती, बेरिल रिकाम्या ताटल्या घेऊन मागे.

"ही अशी कधीपासून रे?"

"लग्नापासून. सांगणार कुणाला?"

"मला सांगायचंस की, वेड्या!"

शुक्रवारी निकाल लागला. देश बाहेर पडणार होता. रॉडनीनं शीळ घातली आणि बेरिलच्या मनात आलं: आता कसली येतेय मॉड! रविवारी बेरिलनं मुकाट्यानं कुंपणावरून द्यायचं ताट काढलं, तेवढ्यात मॉड मागच्या दारानं आत आली आणि थेट रॉडनीशेजारी जाऊन बसली.

"जिंकलो आम्ही," रॉडनी म्हणाला.

"ते राहू दे. आधी हिचं काय करायचं ते बोल. परवा पाद्रीसुद्धा विचारत होते."

"मला तर बाजारात तोंड दाखवायची चोरी झालीय."

"आणि चहा किती पाणचट करते!"

"बटाटेसुद्धा वातड."

एवढं एकमत त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. बेरिलनं दोघांच्या ताटांत गरम गरम वाढलं, खुर्ची ओढून समोर बसली आणि समाधानानं म्हणाली, "बोला, बोला. अजून काय काय चुकतं माझं?"