धकाते काकांचं घंगाळ

मे महिन्यात नागपूरकर खिशात कांदा घालून बाहेर पडतो. आमच्या नंदनवन वस्तीतले धकाते काका मात्र सायकलच्या कॅरिअरवर बर्फाची लादी बांधून घरी येत. बर्फाच्या कारखान्यापासून घरापर्यंत लादी अर्धी होई, काका पूर्ण भिजत, आणि मागे राहिलेल्या ओल्या रेघेवर गल्लीतली कुत्री येऊन निजत.

एवढा बर्फ कशाला? तर आंघोळीच्या घंगाळासाठी. काकू वारल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काका एकटेच बद्रीनाथला गेले. देवदर्शन उरकलं आणि वरच्या कुरणांवरच त्यांचा जीव जडला. येताना बोटभर भूर्जाचं रोप, मूठभर शेवाळ, जांभळ्या फुलांचा एक ठोंब आणि ही मंडळी ज्यात उभी होती ती मातीसुद्धा पोत्यात भरून आणली. सगळंच कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पहाडातलं झाड एकटं नाही जगत गा. त्याले मोहल्ला लागते."

तेव्हापासून मोहल्ला घंगाळात आणि काकांची आंघोळ बादलीत. गल्लीतला एकुलता एक कूलर घंगाळाकडे तोंड करून लावलेला. मातीवर रोज बर्फाचा चुरा पसरून काका सांगत, "त्याईचा हिवाळा चालू आहे."

कूलर म्हटल्यावर दुपारी अख्खी गल्ली तिथे. दारातच विचारायचं, "काका, झाडं कशी आहेत?"

"झोपून राहिले. हळू बोला."

मग पत्त्यांचा डाव कुजबुजत, तांदूळ निवडणंही कुजबुजत. दोन सख्ख्या जावांचं कडाक्याचं भांडणसुद्धा मी तिथे कुजबुजत झालेलं ऐकलंय.

एकदा घंगाळात कोंब फुटला. काकांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे त्याला टमाटर लागलं! काका जराही खचले नाहीत. "आलं त राहू द्या. किरायदार आहे," म्हणाले.

मी मुळातच आगाऊ. एका दुपारी हळूच घंगाळात बोट घातलं. भूर्जाची नुसती काडी उरली होती आणि शेवाळाचा काळा लगदा. काका आत सगळ्यांसाठी पन्हं ढवळत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "काका, ते त कवाचंच मेलं आहे!"

"मले माहीत आहे गा. पहिल्याच उन्हाळ्यात गेलं."

"मंग बर्फ काहून आणता?"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं आणि चौघांनी त्याला दटावलं. काका ढवळायचे थांबले.

"तुझी काकू होती तवा घर असंच भरून राहे," ते म्हणाले. "त्याईले सांगू नको. येणं बंद करतीन."

मी पन्ह्याचे पेले उचलून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी त्यांच्या दारात उभा होतो.

"काका, झाडं कशी आहेत?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "झोपून राहिले. हळू बोल."

मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता आत गेलो.