माझ्याच आवाजाची सवत

ऑफिसात मी वॉशिंग मशीनची डोकी बनवते. त्यामुळे बाळंतपणाची रजा संपताना बाकीच्या आया रडत असतील, मी मात्र हत्यारं परजली! जी बाई मशीनला कपडे घुसळायला शिकवते, तिला पाळण्याला बाळ झोपवायला शिकवता येणार नाही? हॅ!

पाळण्याखाली नखाएवढी चिप बसवली. एरवी अशा चिपमधला एक शब्द बदलायचा, तरी सगळा प्रोग्रॅम नव्याने भरावा लागतो. म्हणून तिच्यात एक इटुकला इंटरप्रिटर घातला. मी मोबाइलवरून साधी ओळ लिहायची, त्याने ती तिथल्या तिथे वाचून पाळण्याकडून करून घ्यायची! पहिला हुकूम: रडणं ऐकू आलं, की झोका दे आणि आईचं गाणं लाव. गाणं अर्थात माझ्या आवाजात.

पहिल्याच दिवशी आमचं गाठोडं दोन झोक्यांत गाढ! सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "बाई गं, आता तू घरी नसलीस तरी चालेल!"

हे वाक्य मनात रुतलं ते रुतलंच.

रविवारी मी स्वतः गाठोडं मांडीवर घेऊन तेच गाणं म्हटलं. त्याने असा गळा काढला, जणू मी लस टोचणारी नर्स!

नवरा म्हणाला, "पाळण्यात ठेव ना."

ठेवलं. पाळणा गायला. आणि गाठोडं हसलं! पाळण्याच्या कठड्याकडे बघून, बोळकं पसरून!

"अगं, तुझाच तर आवाज आहे!"

"माझा कसला? माझा बसलेला असतो. तिचा कधी बसत नाही. तिची कंबर दुखत नाही. केससुद्धा गळत नाहीत तिचे!"

"कुणाचे?"

"तिचे!"

आंघोळीच्या नावाखाली मिळालेल्या पाच मिनिटांत, नळ सोडून, मी नवा हुकूम लिहिला: माझा फोन घरच्या वाय-फायवर दिसला, की आई घरी आहे असं समज. झोका बंद, तोंड बंद. कुणाला सांगितलं नाही. सवतीचा काटा काय गाजावाजा करून काढतात?

दुसऱ्या सकाळी बाटल्या उकळताना, खांद्यावरची ओकारी पुसताना उशीर झाला. धावत सुटले. फोन राहिला उशीखाली.

दुपारी माझ्या ऑफिसच्या फोनवर नवरा, त्याच्या ऑफिसातून. "पाळणा मेलाय! झोका नाही, गाणं नाही. गाठोडं कधीपासून किंचाळतंय. आईने तुला फोन लावला, तर तो आपल्याच उशीखाली वाजला."

म्हणजे पाळण्याच्या लेखी मी घरीच होते! "त्यांना सांग, माझा फोन बंद करा!"

"पाळणा बिघडलाय, तर फोन का बंद?"

"सांग म्हणते ना!"

थोड्या वेळाने पुन्हा तोच. "आई नाही म्हणते. तुझा फोन येईल म्हणून तिने तो चार्जिंगला लावलाय आणि शेजारी बसून राहिलीये."

"माझा फोन माझ्याच फोनवर कसा येईल?"

"तेच विचारलं, तर माझ्यावरच चिडली. इलेक्ट्रिशियनलाही बोलावलंय तिने."

आता खरं सांगायचं, तर मी स्वतःच्याच आवाजावर जळते हेही सांगावं लागणार! त्यापेक्षा टॅक्सी बरी. वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात उकळ्याही फुटत होत्या. पाळणा हरला होता, आजी हरली होती. आता मी पोचणार, उचलणार, आणि माझं पिल्लू फक्त माझ्याच कुशीत गप्प होणार!

"आले रे माझ्या राजा!" ओरडतच दारातून शिरले.

पाळणा उलटा पडलेला. फरशीभर स्क्रू. सासूबाई दमून भिंतीला टेकलेल्या. आणि मधोमध मांडी घालून बसलेला, भरघोस मिशांचा इलेक्ट्रिशियन. त्याच्या खांद्यावर आमचं गाठोडं. एका मुठीत त्याचा कान, लाळ थेट कॉलरमध्ये.

माझ्या आरोळीने गाठोड्याने एक डोळा किलकिला केला. माझ्याकडे पाहिलं. विचार केला. आणि नाक पुन्हा कॉलरमध्ये खुपसलं.

इलेक्ट्रिशियनने ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, जरा हळू. बाईच्या आवाजाने दचकतंय पोर."

मी चपला हातात घेतल्या आणि स्वतःच्याच घरात, चवड्यांवर, चोरासारखी आत गेले.