बाईंचा तळहात

तंबाखूमुक्तीची शपथ द्यायला उभ्या राहिलेल्या गजेंद्रच्या गालात तंबाखू-सुपारी घोटलेला अख्ख्या पुडीचा खर्रा होता.

त्याने तो सोडलाच नव्हता असं नाही. जाम गावच्या चौरस्त्यावर टायरचं दुकान चालवणाऱ्या या गड्याने चक्क अकरा दिवस काढले होते. तेवढ्या भांडवलावर त्याने गुरुपौर्णिमेला वच्छलाबाईंना फोन केला, "बाई, खर्रा सुटला!" बाईंना कोण आनंद झाला! निवृत्त असूनही त्या थेट जुन्या शाळेत गेल्या. "शपथ द्यायले माह्या गजालेच बोलवा. त्याची जबाबदारी माही."

झालं. बाराव्या दिवशीच खर्रा परत आला होता; आता भाषणाच्या धास्तीने गजेंद्रने सकाळी पानठेल्यावर 'शेवटचा एक' तोंडात टाकला. तो थुंकायच्या आत लेझीमवाल्या पोरांनी त्याला घेरलं आणि वाजतगाजत स्टेजवर नेऊन सोडलं. समोर दोनशे पोरं आणि पहिल्याच खुर्चीत बाई. थुंकणार कुठे?

मुख्याध्यापक धनंजय सरांनी मान हलवून स्वागत केलं. तेही बाईंच्याच हाताखालून गेलेले. प्रास्ताविक, परिचय, सगळं त्यांनी सातवीतल्या जयाकडून करवून घेतलं. सर मुलींना किती संधी देतात, म्हणून पालकांनी कौतुक केलं.

"पाहुणे म्हणतील तसं मागून म्हणायचं," जयाने बजावलं.

"म्म," गजेंद्र माईकमध्ये म्हणाला.

"म्म!" दोनशे पोरं गरजली.

खर्ऱ्याचं पाणी घशात उतरलं. गजेंद्रला ठसका लागला, डोळे वाहू लागले.

"भरून आलं बिचाऱ्याले," सरपंच विमलाबाई हळहळल्या.

वच्छलाबाई मात्र उठल्या. हाच गजा चौथीत पाटीच्या पेन्सिली खायचा. बाकीचे मास्तर छडी काढत. बाई त्याच्या तोंडाखाली आपला हात धरत आणि म्हणत, "थुक." मग बदल्यात मूठभर फुटाणे देत.

त्या स्टेजवर चढल्या. तळहात पुढे केला.

"थुक."

चार नोकरांवर डाफरणारा गजेंद्र निमूट थुंकला. विचार करायला सवडच मिळाली नाही. शरमेने त्याचे कान तापले, पण तोंड आता मोकळं होतं.

"पोरांनो, मी अकराच दिस सोडलता. बाईले खोटं सांगतलं. माह्यापायी त्यायचा शब्द गेला."

"काऊन जाईन शब्द?" बाईंनी भरलेला हात वर धरला. "जबाबदारी माही म्हणलं होतं ना? हे पाह्य, घेतली."

मग शपथ झाली, खणखणीत झाली. धनंजय सरांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

"धनंजय, आभार तू मान," बाई म्हणाल्या.

सरांनी जयाकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दुसरा हात पुढे केला.

गजेंद्रने माईक अदबीने बाजूला सरकवला. "थुका, सर," तो म्हणाला, "पह्यल्यांदाच जड जाते."