देवकते सरांचा डोंगर

आमच्या कॉलेजात कुणीही भेटलं की देवकते सर 'कसं काय' असं विचारत नाहीत. विचारतात, "सध्या कोणती गोळी चालू हाय?" गोळीचं नाव ऐकलं की जुनी सोयरीक निघाल्यासारखे खूष होतात.

सर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, शिकवतात रसायनशास्त्र. परीक्षा संपली की वर्गावर्गांतून पेन्सिलींची थोटकं वेचतात. त्यांतल्या शिशाची पूड साबणाच्या पाण्यात कालवून, चष्मेवाल्याच्या चष्मे धुण्याच्या यंत्रात तासन्‌तास थरथरवत ठेवतात. "पदरामागून पदर सुटत जातो, सर. अगदी एका अणूच्या जाडीचा पदर! त्याला ग्राफीन म्हणतेत." ते ग्राफीन नखाएवढ्या पट्टीवर बसवायचं, वर तपासायच्या द्रावाचा थेंब टाकायचा, वीज खेळवायची. थेंबात औषध असेल तर संगणकावरच्या रेषेला डोंगर येतो. "डोंगराची जागा सांगते कोण हाय, उंची सांगते किती हाय," हे सरांचं ब्रीद. जिल्हाभरातून लोक संशयाच्या गोळ्या-पुड्या त्यांच्याकडं तपासायला आणतात.

मी मराठीचा माणूस. पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेलो तेव्हा पट्टीवर काहीतरी काळं लागलेलं दिसलं. तेवढीच मदत, म्हणून रुमालानं लख्ख पुसून दिलं. सरांची तीन आठवड्यांची मेहनत माझ्या खिशात गेली. ते शांतपणे म्हणाले, "सर, जिल्ह्यात एवढा भारी रुमाल दुसऱ्या कोणाकडं न्हाई." तो डाग अजून निघालेला नाही.

यंदा माझे गुडघे धरले. औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका जडीबुटीवाल्याकडून पूड आणली आणि दोन दिवसांत जिने चढायला लागलो. स्टाफरूममध्ये तिची आरतीच ओवाळली. "उद्यापासून आईलाही चालू करतो!"

सरांचं हसू गेलं. "मायला देता? थांबा. आधी ती पुडी इकडं द्या."

चिमूटभर पूड, एक थेंब. रेषा सपाट चालली होती. मधेच डोंगर उभा राहिला. सरांनी दुकानातली दुखण्यावरची गोळी विरघळवून तिचा थेंब त्यात मिसळला. त्याच जागी डोंगर आणखी उंच झाला. कसली जडीबुटी! गोळ्याच कुटून घातलेल्या. माझ्या जिभेला आठवडाभर न सापडलेला चोर त्या न दिसणाऱ्या पदरानं जागेवर धरला होता.

"म्हाताऱ्या माणसाच्या किडन्या जातेत यानं," सर म्हणाले. "अन्‌ कळतबी न्हाई. दुखणं थांबलेलं असतं ना."

माझी पुडी ठेवायला त्यांनी खण उघडला. आत दोरा बांधलेली एक पिवळी पडलेली पुडी होती.

"ही कुणाची?"

"मायची. दोन साल घेतली तिनं. किडन्यानंच गेली."

"मग तपासली नाही? साऱ्या जिल्ह्याच्या पुड्या तपासता, आणि हीच का नाही?"

सर पडद्यावरच्या डोंगराकडं बघत राहिले.

"मीच आणून द्यायचो, सर. दर सोमवारी."

मी खिशातला तो काळ्या डागाचा रुमाल काढून पुढं केला. सरांनी घेतला. या वेळी डागाकडं न बघताच डोळ्यांना लावला.