नको म्हटलेला पूल

"या खेपेला पूल घेतल्याशिवाय मी डब्लिनहून परतत नाही," असं टर्लो हेनिगनने पॅकी रुआनच्या पबमध्ये जाहीर केलं, तेव्हा कोणीही हसलं नाही. एरवी हसत. गेल्या तीन निवडणुका तो हेच म्हणत आला होता आणि रोसाडून गावचे लोक हसत हसत त्यालाच मत देत आले होते. पण या वेळी निकालच असा लागला होता की दोन मोठ्या पक्षांनी आजे-पणज्यांपासूनचं वैर गिळून एकमेकांच्या गळ्यात गळे घातले, तरी बहुमताला एक माणूस कमी पडत होता. आणि तो एक माणूस म्हणजे आपला टर्लो, अपक्ष खासदार. डब्लिनच्या ज्या बड्या मंडळींना रोसाडून नकाशात सापडत नव्हतं, ती आता त्याला फोन करून त्याच्या मेंढ्यांची तब्येत विचारत होती.

पूल हवा होता तो इनिशडारा बेटासाठी. ओहोटीला त्या बेटावर वाळूतून मोटार जाते आणि भरतीला त्याच वाटेवरून मासे जातात. शाळा या बाजूला, त्यामुळे बेटावरच्या पोरांची हजेरी मास्तर घेत नाहीत, समुद्र घेतो. टर्लोची मेहुणी डिलिया तिथेच राहायची. तिचे तीन मुलगे म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा कणा. आणि यंदा तिने साफ सांगितलं होतं की पूल मंजूर झाला नाही तर उन्हाळ्यात बिऱ्हाड कॅसलबार शहरात हलवणार. ती गेली की तिच्या मागोमाग बाकीची घरंही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

"माझी बहीण बेट सोडून गेली ना टर्लो, तर मी तुझ्याशी बोलणार नाही," बायको नोरीनने त्याला निघताना बजावलं.

"किती दिवस?"

"ते तू मेल्यावर ठरवू."

तर असा वीराला शोभेलसा निरोप घेऊन टर्लो निघाला. वाटेत त्याने मोटारीच्या स्टिअरिंगवर मुठी आपटत भाषणाची तालीम केली. 'पूल नाही तर पाठिंबा नाही' हे वाक्य त्याने रडक्या, रागावलेल्या आणि थंड अशा तिन्ही आवाजांत म्हणून पाहिलं. थंड आवाज त्याला स्वतःलाच भीतिदायक वाटला, म्हणून तोच ठेवला.

समोर बसायला होती सॉर्का डेलाहंट. मोठ्या पक्षाची वाटाघाटी करणारी बाई. डब्लिनमध्ये जन्मलेली, ब्रसेल्समध्ये शिकलेली, आणि एका दमात चार कामं उरकणारी.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"छे छे, कशाला."

"बरं," असं म्हणून तिने स्वतःपुरती कॉफी ओतून घेतली आणि बसली.

खरं तर टर्लोने इथेच सावध व्हायला हवं होतं. पण तो भाषणाच्या पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत होता. त्याने मूठ उचलली, टेबलावर आपटणार, इतक्यात सॉर्का म्हणाली, "टर्लो, वेळ थोडा आहे, सरळच बोलते. इनिशडाराचा पूल. आम्ही द्यायला तयार आहोत. पूर्ण पूल, दोन्ही बाजूंनी रस्ता, फुटपाथसकट. हवाय?"

टर्लोची मूठ हवेतच राहिली. नकाराला तोंड द्यायची त्याची जय्यत तयारी होती. पण कोणी असं ताट वाढून समोर ठेवेल, याची तालीम केलीच नव्हती. आणि तालीम नसली की माणूस आईने शिकवलेलंच बोलतो. टर्लोच्या आईने, रोसाडूनमधल्या प्रत्येक आईप्रमाणे, पोराला बोलता येऊ लागल्यापासून एकच धडा गिरवून घेतला होता. कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. पुन्हा आग्रह झाला तर नको नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर 'आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर' असं म्हणून निमूट घ्यायचं. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा म्हणजे घरी उपाशी ठेवलेला.

"अहो नको," टर्लो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास. चाललंय आमचं."

"नको?" सॉर्काच्या भुवया वर गेल्या.

टर्लोच्या मते हा काही पुरता दुसरा आग्रह नव्हता, नुसता हुंकार होता. तरी सभ्यपणे तो म्हणाला, "नको नको, खरंच."

"बरं," म्हणून सॉर्काने समोरच्या यादीतल्या पुलावर काट मारली.

टर्लोने स्वतःची समजूत घातली, की मोठी माणसं आहेत, विषय फिरवून फिरवून परत तिथेच येतील. शेवटी तिसऱ्यांदा विचारणारच. न विचारून सांगतात कुणाला? मधल्या वेळात सॉर्काने त्याला राज्यमंत्रिपद देऊ केलं. तो म्हणाला, "छे, मी कुठला." तिने काट मारली. बंदराची दुरुस्ती. "असू दे हो." काट. शेवटी तिने विचारलं, "राष्ट्रीय शेणखत संशोधन केंद्र काढायचं आहे, मोठाल्या उघड्या टाक्यांसकट. ते कोणालाच नकोय. तुमच्या गावामागे जागा आहे ना?"

"नको!" टर्लो म्हणाला, आणि हे मात्र अगदी पोटातून म्हणाला.

सॉर्काने तिथेही काट मारली, उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तिचे डोळे पाणावले होते. "इतकी वर्षं हे काम करतेय टर्लो, पण काहीच न मागणारा खासदार पहिल्यांदा बघितला."

आणि ती निघूनही गेली. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे आईचं वळण नेत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याच्या रेडिओने नेहमीप्रमाणे आधी मयतांची नावं वाचली आणि मग बातम्या. पहिलीच बातमी अशी की, देशहितासाठी खासदार टर्लो हेनिगन यांनी इनिशडाराचा पूल नाकारला आहे. येऊ घातलेल्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात आता त्याऐवजी डब्लिनच्या एका उपनगराला नवीन पूल मिळेल. नोरीनच्या हातातून अंडं पडलं.

"टर्लो, तू पूल नाकारलास?"

"नाकारला नाही गं. नको म्हटलं."

नोरीनचा आवाज एकदम खाली आला. "तिने किती वेळा विचारलं?"

"एकदा. आणि एकदा भुवया."

"फक्त एकदा? अगं बाई. कसल्या घरात वाढलीय ही पोरगी!"

संध्याकाळी पबमध्ये टर्लोला फाडून खायला सगळा गाव जमला होता. पॅकीने त्याला बिअर द्यायला नकार दिला, आणि पॅकीचा नकार हा खरा नकार असतो. डिलिया कोपऱ्यात हाताची घडी घालून बसली होती. टर्लोने घडलेलं सगळं सांगितलं. तो 'आणि मग ती बरं म्हणाली' इथवर आला आणि पबमधल्या सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले.

"सरळ 'बरं' म्हणाली?" पॅकीने खात्री केली.

"सरळ. मला कॉफीसुद्धा एकदाच विचारली."

"आणि दिली नाही?"

"स्वतः प्यायली. माझ्या समोर."

सगळ्या गावाने एकत्र श्वास आत ओढला. पॅकीने टर्लोसमोर बिअरचा ग्लास सरकवला. टर्लो "नको रे" म्हणाला आणि पॅकीने शहाण्या माणसासारखं तिकडे लक्षच दिलं नाही.

"मग आता फोन करून माग ना," डिलिया म्हणाली.

"मागू? नको म्हटल्यावर?" टर्लोचा चेहरा पडला. "आई थडग्यातून उठून येईल."

"तुझी आई येईल का नाही ते माहीत नाही," डिलिया म्हणाली, "मी मात्र कॅसलबारला घर बघून आलेय. शनिवारी किल्ल्या मिळतात." तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती रडवेली झाली होती, आणि टर्लोने बिअर बाजूला सारली.

यावर तोडगा नोरीनने काढला. तिने सॉर्काला फोन करून सांगितलं की टर्लोला पाठिंब्याच्या कागदावर सही करायची आहे, पण त्याची कंबर धरली आहे, तेव्हा तूच ये. टर्लोने कंबर धरून दोन दिवस तालीम केली. ती मात्र छान जमली.

शुक्रवारी सॉर्का मोटार हाकत आली. स्वयंपाकघरात टर्लो उशीला टेकून बसला होता, डिलिया खिडकीशी, आणि पॅकी सहज डोकावल्यासारखा दारात उभा.

"चहा टाकते," नोरीन म्हणाली.

"नको, थँक्स. मी वाटेत प्यायले."

"हो ना," असं म्हणून नोरीनने कप भरला. "आणि दोन हॅम सँडविच."

"खरंच नको, मी दुपारचं जेवले आहे."

"किती दमून आलीस गं," नोरीनने ताटली पुढे केली. त्यावर हॅम सँडविच, ब्राऊन ब्रेड आणि विटेएवढा ॲपल टार्ट होता.

"अहो, पण मी नको म्हणाले."

"ऐकलं ना. लोणी लाव त्याला, लाजू नकोस."

सॉर्काने हताश होऊन घास घेतला. मग दुसरा घेतला. बघता बघता टार्ट संपला. नोरीनने विचारलं, "अजून एक तुकडा?" सॉर्का सवयीने "नको" म्हणाली, आणि तुकडा ताटलीत पडताना बघून तिचा हात मध्येच थांबला. तिने आधी तुकड्याकडे पाहिलं. मग नोरीनकडे. मग उशीला टेकलेल्या टर्लोकडे.

"टर्लो," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला पूल हवा आहे का?"

"छे हो, कशाला," टर्लो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"घ्या की. मला बरं वाटेल."

"नको नको. डब्लिनच्या लोकांना असू दे."

खिडकीशी डिलियाने डोळे मिटून घेतले होते. पॅकी श्वास घ्यायचं विसरला होता.

"टर्लो," सॉर्का म्हणाली, "तुम्ही पूल घेतल्याशिवाय मी या घरातून उठणार नाही."

"आता," टर्लो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापत होता, "तुम्ही इतकं म्हणताच आहात तर..."

पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. डिलिया सॉर्काच्या गळ्यात पडून रडत होती, पॅकी टर्लोला उचलून नाचत होता, आणि धरलेली कंबर टर्लोच्याही लक्षात राहिली नव्हती. सॉर्काही खूष होती. नव्याने पोहायला शिकलेल्या माणसाला दिसेल त्या पाण्यात उडी मारावीशी वाटते, तशी ती उत्साहात होती. जाताना दारात तिने विचारलं, "आणि ते शेणखत केंद्र?"

"नको," टर्लो म्हणाला.

"घ्या की."

"नको नको, सॉर्का. अगदी मनापासून नको."

"तुमच्याच गावाला शोभेल हो ते."

टर्लो पुलाच्या आनंदात होता. सोन्यासारख्या पाहुणीला दारातून वाईट शब्दाने कसं पाठवायचं? तो हसून म्हणाला, "तुम्ही म्हणजे अगदी..."

"कळलं," सॉर्काने डोळा मारला आणि मोटार सुरू केली.

शनिवारी डिलियाने किल्ल्या परत पाठवल्या. आठवड्याने सरकार आलं आणि त्याचा किमान समान कार्यक्रम छापून आला. पॅकीच्या पबमध्ये त्याचं मोठ्याने वाचन झालं. पूल आठव्या पानावर होता, फुटपाथसकट, आणि त्या पानावर इतका जल्लोष झाला की नववं पान वाचायचं राहूनच गेलं. ते नोरीनने घरी आल्यावर वाचलं. 'राष्ट्रीय शेणखत संशोधन केंद्र, उघड्या टाक्यांसह, रोसाडून. खासदार हेनिगन यांच्या खास इच्छेनुसार.'

"टर्लो, तू सॉर्काला नको म्हणाला नाहीस?"

"म्हणालो ना. तीनदा विचारलं तिने."

"आणि तिसऱ्यांदा?"

"हसलो," टर्लो म्हणाला.

नोरीनने उठून खिडकी लावून घेतली, आत्तापासून सवय असावी म्हणून. तेवढ्यात फोन वाजला. सॉर्का होती. "टर्लो, सगळ्यांची इच्छा आहे की त्या केंद्राला तुमचंच नाव द्यावं. चालेल ना?"

हो म्हटलं तर हो, आणि नको म्हटलं तरी हो. टर्लोने फोनवर हात ठेवला आणि तो नोरीनकडे दिला.

"तिला सांग," तो कुजबुजला, "मी मयतीला गेलोय."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

नोरीनने फोन कानाला लावला. "सॉर्का, तो घरी नाहीये गं," ती म्हणाली. "नाही नाही, उद्याही नाही. परवाही नाही." मग तिने पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तीनदा नाही म्हणालात, म्हणजे घरीच आहेत. निघालीय ती. टार्ट करायला हवा."