टेबलावरचा पाट

शीतलचं लाकूड घासायचं मशीन, म्हणजे सँडर, एका रविवारी धूर काढून कायमचं बंद पडलं. नवीन कोणतं घ्यायचं, हे मात्र महिना झाला तरी ठरेना. शीतल विमा कंपनीत क्लेम तपासायची. एखादी वस्तू चांगली आहे असं कुणी सांगितलं म्हणून मान्य करणं तिच्या रक्तात नव्हतं. घाटकोपरच्या घरातली चपलांची मांडणी, खिडकीतला कट्टा आणि सागवानी जेवणाचं टेबल तिनेच सुट्टीच्या दिवशी बनवलेलं. नवरा किरण पाहुण्यांना आधी टेबल दाखवायचा, मग पाणी द्यायचा.

बायकोचं एवढं कौतुक असलेला माणूस गप्प किती दिवस बसणार? एका शनिवारी ती चेंबूरला माहेरी गेली आणि किरणने साकीनाका गाठलं. दुकानदाराने तळहातात मावणारं गोल मशीन दाखवलं. घरच्या कामाला हे पुष्कळ झालं, म्हणाला. किरणला ते साबणाच्या वडीसारखं वाटलं. शीतलसारख्या कलाकाराच्या हाती वडी? त्याने बोट दाखवलं ते वरच्या फळीवरच्या, रुंद पट्ट्याच्या, रणगाड्यासारख्या मशीनकडे.

"साहेब, हे दरवाजा खाऊन टाकेल," दुकानदाराने सावध केलं. किरणला ती तारीफ वाटली.

घरी येऊन, जरा चालवून बघू म्हणून त्याने मशीन टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. बटण दाबलेलंच अडकलं. मशीन सुसाट निघालं आणि त्याला धरून किरणही टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. प्लग उपटला तेव्हा कुठे दोघे थांबले. टेबलाच्या मधोमध एक लांबच लांब चर पडला होता. तो जरा सारखा करावा म्हणून किरणने मशीन पुन्हा फिरवलं, तर चर त्याच्याच खुर्चीच्या बाजूला जास्त खोल झाला. मग त्याने भुसा झाडला, मेणकापड अंथरलं आणि मशीन पलंगाखाली सरकवलं.

रात्री शीतल माहेराहून परतली. जेवायला बसल्यावर तिने डाळीचं पातेलं मधोमध ठेवलं. ते हळूच कलंडलं आणि डाळ इकडेतिकडे न सांडता, शेतातल्या पाटाच्या पाण्यासारखी सरळ वाहत येऊन किरणच्या मांडीवर उतरली.

शीतलने मेणकापड उचललं. किरणने सगळं सांगून टाकलं, दुकानदाराच्या तारिफेसकट. ती चरावरून बोट फिरवत राहिली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"सरळ आलंय रे," ती शेवटी म्हणाली. "मला पट्टी लावूनसुद्धा इतकं सरळ जमत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. वापरलेलं मशीन परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. शीतलने शांतपणे विचारलं, "तुम्ही ह्याला सावध केलं होतं ना? म्हणजे हा चुकीचं मशीन घेऊन चाललाय हे तुम्हाला दिसत होतं." त्यावर दुकानदाराने तो रणगाडा परत घेतला आणि बदल्यात दुसरं निवडा म्हणाला. मग तिने एकेक मशीन चालू करून, डोळे मिटून हातात धरलं आणि ज्याने हाताला झिणझिण्या आल्या नाहीत ते घेतलं. साबणाची वडीच ती. किरण बघतच राहिला.

पुढच्या रविवारी तिने चराच्या कडा नीट केल्या, तळ एकसारखा केला, त्यात फणसाच्या लाकडाची पिवळी पट्टी बसवली आणि वडीने घासून अशी गुळगुळीत केली की टेबल आधीपेक्षा देखणं दिसू लागलं.

शेजारच्या चेतनावहिनी ते बघून हरखल्या. आपल्याही टेबलाला अशीच पट्टी हवी म्हणाल्या.

"पट्टी मी बसवून देईन," शीतल म्हणाली. "पण चर किरणने पाडलाय."

वहिनींनी किरणकडे आदराने पाहिलं. "मग भाऊजी, रविवारी मोकळे आहात ना? मी टेबल रिकामं करून ठेवते."

किरणने बायकोकडे वळून पाहिलं. ती चहा ठेवायला आत निघून गेली होती.