सोळा तुकडे आणि एक डिस्क

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. ठरलेली रक्कम साडेतीनशे रुपये. हजर : शेजारचे देवतळेभाऊ, भनपुरीचा कबाडी ईश्वर, मी, आणि ओट्यावर ठेवलेला एक चार इंची खिळा. भाऊंचा जुना कम्प्युटर कबाडीला जायचा होता आणि त्याआधी त्यातल्या हार्ड डिस्कच्या छातीत हा खिळा जायचा होता. ठोकणार भाऊ, साक्षीला मी.

एवढ्याशा कामाला साक्षीदार कशाला, असं ज्याला वाटेल त्यानं देवतळेभाऊंना कागद फाडताना पाहिलेलं नाही.

भाऊ कुठलाही कागद सोळा तुकडे केल्याशिवाय टाकत नाहीत. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, किराण्याची यादी. सिटी बसचं तिकीट केवढंसं असतं! त्याचे सोळा करताना शेवटी नखंच कामाला येतात, पण ते करतात. मग आठ तुकडे सोमवारच्या कचऱ्यात आणि आठ गुरुवारच्या. कुरिअरच्या पाकिटावरचं नाव ते ब्लेडनं खरवडतात. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरची नावंसुद्धा. लग्नपत्रिका जाड असते, फाटत नाही, म्हणून ती बादलीत भिजत घालून तिचा लगदा मोगऱ्याच्या कुंडीत टाकतात. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका अशीच मोगऱ्याला गेली. त्या वर्षी मोगरा चांगला फुलला, हेही नमूद करतो.

"मांगं काई रायलं नाई पाह्यजे," हे त्यांचं पालुपद. कुंडीत लगदा टाकताना म्हणतात, झाडू मारताना म्हणतात, पंगतीत ताट चाटूनपुसून स्वच्छ केल्यावरही म्हणतात.

याला कारण आहे. नवं राज्य झालं तेव्हा भाऊ नागपूरकडून रायपूरला आले. राजधानी नवी, कचेरी जुन्या इमारतीत, कपाटं यायची होती, फायली आधीच आल्या होत्या. भाऊंना गोपनीय शाखा मिळाली. तिथे एकदा बदल्यांच्या यादीची चुकीची टाइप झालेली प्रत त्यांनी फाडली. दोनच तुकडे केले आणि टोपलीत टाकले. चार दिवसांनी एक अधिकारी बूढातालाबच्या काठावर बायकोबरोबर भाजलेल्या शेंगा खात बसले होते. शेंगा संपल्या, पुडी उलगडली, आणि आतमध्ये त्यांचं स्वतःचं नाव आणि पुढे बस्तर. अधिकृत आदेश निघायला अजून आठवडा होता.

"शेंगा त्यायनं खाल्ल्या अन् मेमो मले भेटला," भाऊ सांगतात. "दोन तुकडे केले म्हून. तवापासून सोळा."

मी एकदा विचारलं, "भाऊ, बत्तीस काहून नाई?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काळेसाहेब, मानसानं कुठंतरी थांबलं पाह्यजे ना!"

गेल्या दिवाळीत पुण्याहून त्यांचा मुलगा आला आणि नवा लॅपटॉप ठेवून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, पुराना वाला कबाड़ी को दे दो, जगह घेरता है." तो घरात हिंदीतच बोलतो, भाऊ मराठीत उत्तर देतात, दोघांचं चालतं. मुलगा गेला आणि भाऊ दुसऱ्याच दिवशी माझ्या फाटकात उभे.

"काळेसाहेब, कागद फाडता येते. हे कसं फाडायचं?"

आम्ही कम्प्युटरचा डबा स्कूटरवर घालून बूढापाऱ्यात साहूजींच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. भाऊंनी अभिमानानं सांगितलं की सगळ्या फायली काढून टाकल्या आहेत, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आहे.

साहूजी हसले. "उससे कुछ नहीं होता भैया. किताब है समझो. आपने आगे की सूची में से नाम काटा. पन्ना तो वहीं का वहीं है."

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटतं त्यांना शेंगांचा वास आला असावा.

"म्हंजे कोनी बी वाचू शकते?"

"हव. जानने वाला निकाल लेगा. जब तक उसके ऊपर दूसरा कुछ न लिखा जाए. पूरी डिस्क ठसाठस भर दो, तब पुराना दबता है. मैं कर देता हूँ, सॉफ़्टवेयर है, तीन-चार घंटे का काम."

"तुम्हारा सॉफ़्टवेयर क्या लिखेगा?"

"शून्य. सब जगह शून्य."

भाऊंनी मान हलवली. "नाई. शून्य म्हंजे कोरं. कोऱ्या कागदावर माहा भरोसा नाई. मी सोताच लिहीन. कित्ती वेळा?"

"एक बार बहुत है. तीन बार कर लो तो भगवान भी न पढ़ सके," साहूजी गंमतीनं म्हणाले. ही गंमत होती हे त्यांना कळलं, मला कळलं. भाऊंनी खिशातून डायरी काढून 'तीन वेळा' असं लिहून घेतलं.

साहूजींनी डिस्क काढून एका छोट्या डबीत बसवून दिली, म्हणजे ती तारेनं लॅपटॉपला जोडता येईल. भाऊंची योजना अशी : लॅपटॉपवर घेतलेली एकच फाइल पुन्हा पुन्हा डिस्कवर उतरवायची, डिस्क गच्च भरेपर्यंत. मग सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. फाइल एकशे एकोणपन्नास एमबीची होती. हिशेब तपासायला ते माझ्याकडे आले. मी भागाकार करून पाहिला. पाचशे बारा प्रती बसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पाचशे अकरा बसल्या, पाचशे बाराव्याला डिस्कनं जागा नाही म्हणून सांगितलं.

"फाइल कायची हाये?" मी विचारलं.

"अशीच. फालतू. बिनकामाची हाये म्हून तं घेतली."

माझ्या मते हे काम दोन-तीन दिवसांचं होतं. सगळ्या प्रती एकदम निवडून उतरवायच्या आणि आपण चहा प्यायचा. पण भाऊंनी रजिस्टर केलं. रकाने चार : अनुक्रमांक, वेळ, पूर्ण उघडते किंवा नाही, सही. एक प्रत उतरवायची, ती उघडून तपासायची, सही करायची, मग दुसरी. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. सकाळी फाटकाशी भेटले की मी विचारायचो, "कुठवर आलं?" ते आकडा सांगायचे. "दुसऱ्या फेरीचे तीनशे चाळीस." आमच्या शंकर नगरात कुणाचा नातू कितवीत गेला हे मला आठवत नाही, पण भाऊंची डिस्क कितव्या प्रतीवर होती हे त्या तीन महिन्यांत मला रोज ठाऊक असायचं.

आमच्या घरी यावर चर्चा व्हायची. बायको म्हणाली, "त्या कम्प्युटरमध्ये असं आहे तरी काय लपवण्यासारखं?"

हे मला ठाऊक होतं, कारण त्यातली पत्रं वेळोवेळी मीच तपासून दिली होती. नालीबद्दल महापालिकेला सात तक्रारी, गॅस एजन्सीला दोन, आणि पेन्शनचा एक अर्ज. शेंगांच्या पुडीला गेली असती तरी राज्य कोसळलं नसतं.

बायको पुढे म्हणाली, "वहिनी असत्या तर एका दिवसात आटपलं असतं." भाऊंच्या पत्नी सुमनवहिनी जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाऊंना उरकायला लावण्याचं खातं त्यांच्याकडे होतं.

तर तो रविवार. तीनदा भरून झालेली डिस्क. खिळ्याची गरज साहूजींनी सांगितली नव्हती, ती भाऊंची स्वतःची भर. ईश्वरनं डबा, पडदा, कीबोर्ड ठेल्यावर चढवला, साडेतीनशे मोजून दिले आणि तो बिडी पेटवून वाट पाहत बसला. भाऊंनी डिस्क ओट्यावर ठेवली, खिळा उभा धरला, हातोडी उचलली.

खाली ठेवली.

"एकडाव तपासून घेतो," म्हणाले.

"भाऊ, पंधराशे तेहेतीस सह्या हायेत तुमच्या!"

"आखरी."

त्यांनी लॅपटॉप बाहेर आणला, तार जोडली आणि शेवटची, पाचशे अकरावी प्रत उघडली. मी साक्षीदार होतो, म्हणून वाकून पाहिलं.

पडद्यावर सुमनवहिनी होत्या.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा भाऊंनी कॅमेरा आणला होता, त्याची ती चाचणी. वहिनी खुर्चीत ताठ बसलेल्या, केस नुकते विंचरलेले, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर.

"काहो, सुरू झालं काय?" त्या विचारतात. "लाल बत्ती तं नाई लागून रायली... ते बटन दाबा ना. ते नाई, बाजूचं... तुमच्यानं एक काम धड होत नाई... आता? आताबी नाई? काहून नाई होऊन रायलं?"

मागून भाऊंचा पुटपुटण्याचा आवाज. कॅमेरा पहिल्या क्षणापासून चालू होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं. अडीच मिनिटं त्या वाट पाहतात, पदर सारखा करतात, एकदा स्वतःशीच हसतात. मग उठतात.

"मी चहा मांडते. झालं की आवाज द्या."

त्यानंतर पडद्यावर नुसती खुर्ची. आत कुठेतरी भांड्याचा आवाज. मी दोनदा भाऊंकडे पाहिलं. ते खुर्चीकडे पाहत होते. सुरुवातीपासून चार मिनिटं दहा सेकंदांनी फाइल आपोआप थांबली.

मी तोंडी हिशेब करणारा माणूस. प्रत्येक प्रत पूर्ण तपासली असेल तर एकशे सहा तास आणि वर सत्तावीस मिनिटं. साहूजींचं शून्य का चाललं नाही, ते मला तेव्हा कळलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "भाऊ, लॅपटॉपवर एक प्रत हायेच ना. ते जाऊन नाई रायली कुठं."

"हाये," भाऊ म्हणाले. मग डिस्कवरून हात फिरवत, ती गरम आहे की नाही पाहावं तसा, म्हणाले, "पन हिच्यात आता दुसरं काईच नाई, काळेसाहेब. वरपासून खालपर्यंत तेच हाये. खिळा कुठं मारू तुमीच सांगा."

मी ओट्यावरचा खिळा उचलला.

फाटकातून ईश्वरनं हाक मारली, "बाबूजी, वो छोटा वाला भी दे दो, देर हो रही है."

"वो नहीं मिलेगा."

"तो फिर साढ़े तीन सौ कैसे? बात तो पूरे की हुई थी."

हे त्याचं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं. घासाघीस झाली नाही. भाऊंनी विचारलं, "बोलो कितना," ईश्वर म्हणाला, "पचास," आणि भाऊंनी पन्नासाची नोट काढून दिली. मग सवयीप्रमाणे त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली : 'हार्ड डिस्क नहीं ली. ५० रु. वापस मिले.' खाली अंगठ्याएवढी सही.

ठेला वळणावरून दिसेनासा झाला. भाऊंच्या हातात चिठ्ठी होती. मी सोळा तुकड्यांची वाट पाहत उभा राहिलो. त्यांनी ती एकदा घडी केली, पुन्हा एकदा घडी केली, आणि डिस्कच्या डबीत आत सारून झाकण लावलं.

"चाय घेता?" त्यांनी विचारलं. वहिनी गेल्यापासून त्या घरात मला चहा विचारला गेला नव्हता. ते आत गेले, आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, "झाला हो!"

तो मलाच होता असं धरून मी आत गेलो.

शेवटचा हिशेब : परत दिले पन्नास रुपये. देणारे देवतळेभाऊ, घेणारा भनपुरीचा ईश्वर कबाडी. खिळा माझ्याकडे आहे.